एकाहत्तरावं पान

सिंदेवाहीला उतरले की आधी ओढणी झटकते,
मग पिशवीतला प्रोजेक्टर चाचपते.
कॉलेज म्हणजे राइस मिलचा वरचा मजला.
खाली भरडाई चालू असली
की फळ्यावर माझा खडू आपोआप थरथरतो.
तासाचे पैसे तासावर मोजतात,
देतात मात्र महिना उलटून गेल्यावर.

आज प्रतीक आणि रूपक.
पडद्यावर लांबच्या थंड देशातलं टेबल:
कवटी, अर्धं सोललेलं लिंबू,
कलंडलेला पेला, जळत आलेली मेणबत्ती.
"लिंबू दिसायला देखणं, चवीला आंबट.
तसंच हे जगणं," मी म्हणते.
मागच्या बाकावरून राजहंस भोयर:
"आमच्या इथं चौकात लिंबू दिसला
त गाडी बाजूनं काढतेत, म्याडम."
वर्ग हसतो. मीही.
वहीत मात्र सगळे माझंच उतरवतात.
परीक्षेला चौकातलं लिंबू येत नाही.

तेवढ्यात लाइन गेली.
चारशे वर्षं न विझलेली मेणबत्ती
सिंदेवाहीत विझली.
अंधारात कोणीतरी फुंकर मारल्याचा आवाज काढला.
इतका नेमका खुलासा
मला वर्षभरात जमला नव्हता.

उरलेला तास खिडकीशी, छापील चित्रावर.
न्यायदेवता. डोळ्यांवर पट्टी, हातात तराजू.
प्रमिला कुमरे, जी एरवी बोलत नाही:
"डोरे बांधले त काटा कोन पायते?"
तिच्या बोलीत ळ नाही.
मला क्षणभर दोरा ऐकू आला,
आणि शिवून टाकलेले डोळे दिसले.
उत्तर पुस्तकात होतं. मी ते दिलं.
ती मान हलवत राहिली,
होही नाही, नाहीही नाही.

गृहपाठ: घरून एक वस्तू आणा,
जी स्वतःपेक्षा जास्त काही सांगते.

सोमवारी टेबल भरलं.
कंदील, तीन. बंद पडलेलं घड्याळ.
सुगतने आजोबांचा चष्मा आणला, एका काचेचा,
आणि त्यावर दहा मिनिटं बोलला, छान.
प्रमिलाने तेंदूच्या पानांचा पुडा ठेवला,
पळसाच्या वाखाने बांधलेला,
मागच्या हंगामात फळीवर जायचा राहिलेला.

"कशाचं प्रतीक?"
"कशाचंच नाई. सत्तर पानं हायेत."
"श्रमाचं? जंगलाचं? आईच्या हातांचं?"
पंगतीत जिलबीचा आग्रह करावा
तशी मी एकेक शब्द पुढे करत गेले.
ती पानावर आडवा हात धरून बसली.
"मुनशी मोजते. सत्तर भरले त घेते."

मग मीच गाठ सोडली, का कोण जाणे.
बोट ओलं करून वर्गासमोर मोजली.
एकाहत्तर.
पुन्हा मोजली.
एकाहत्तर.

"मायनं टाकलं असन," ती म्हणाली.
"दर पुड्यात एक जास्तीचं टाकते.
मोजनाऱ्याची चूक आपल्या आंगावर नको."

खाली मिल थांबली होती.
न्यायदेवतेबद्दल आता काहीतरी बोलता आलं असतं,
वाक्य तयार होतं, चांगलं होतं.
राजहंस खिडकीबाहेर बघत होता.
मी पानं जुळवली, बांधायला गेले तर वाख तुटला.
प्रमिलाने एक टोक दातात धरलं
आणि उरलेल्यात गाठ मारली.

टेबलावर एक पान राहिलं.
तिने घेतलं नाही, मी विचारलं नाही.
आता ते हजेरीपटात आहे, एप्रिलच्या महिन्यात,
शिरा वर आलेलं.
नावं घेताना बोट तिथे अडतं
आणि मी पोरं पुन्हा मोजते.